व्हिएतनामच्या सहलीत खर्चाचा हिशेब कसा ठेवावा?

आठ दिवसांच्या सहलीत डाँगच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, लाखांच्या आकड्यांमुळे गोंधळ होईल, ही तुमची भीती रास्त आहे. मी एकच आकडेमोड पाठ करून गेले होते: शेवटची तीन शून्यं काढायची, उरलेल्याला साडेतीनने गुणायचं. 50,000 डाँगचा फोचा (नूडल्सच्या सूपचा) वाडगा म्हणजे 175 रुपये. मी गेले तेव्हा प्रत्यक्षात किंचित कमीच पडायचे, तेवढी गंगाजळी राहायची. (निघण्याआधी त्या दिवशीचा दर मात्र बघा.)

सगळ्यात जास्त जपा ते नोटांना. 20 हजारांची आणि 5 लाखांची, दोन्ही निळसर! मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यातच ठेवा, पैसे देताना शून्यं मोजा.

एटीएम किंवा कार्डयंत्रानं ‘रुपये की डाँग’ विचारलं तर डाँगच निवडा. रुपये निवडले की रूपांतराचा दर तुमची बँक नाही, तर यंत्रवाले ठरवतात आणि तो सहसा महागात पडतो. तुमची बँक परदेशी व्यवहारावर किती टक्के लावते, तेही आधीच विचारा.

हिशेबाचं ॲप कुठलंही चालेल. रोख खर्च मात्र त्याच रात्री झोपण्याआधी लिहा. दुसऱ्या दिवशी रिक्षा, कॉफी, शहाळं काहीच आठवत नाही.