ट्रिम वर केला की आउटबोर्डचं कुलिंग प्रेशर पडतं, इम्पेलर तर नवा आहे. काय तपासू?

तुमची माहिती अशी: १७ फुटी फायबर बोट, तिच्या मागे बाहेरून लावलेलं ९० एचपी फोर-स्ट्रोक (आउटबोर्ड) इंजिन. ४,००० आरपीएमला ट्रिम (इंजिन झुकवण्याचा कोन) पूर्ण खाली असताना कुलिंगच्या पाण्याच्या प्रेशरचा गेज १५ पीएसआय दाखवतो, वर घेत गेलं की ६ पर्यंत येतो आणि खाली आणला की पुन्हा १५. इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नुकताच बदललाय. किनाऱ्यावर नळाचं पाणी लावून चालवलं तर मात्र सगळं ठीक.

ट्रिम वर घेताना एक-दोन पीएसआय कमी होणं मी धरून चालतो. १५ चं ६ होणं मात्र दोष आहे, तो सापडेपर्यंत ट्रिम तसा वर ठेवून बोट पळवू नका.

नळाच्या पाण्यावर सगळं ठीक दिसण्यावर विसंबू नका. पाण्याचा पंप लोअर युनिटच्या (इंजिनाचा पाण्यातला खालचा भाग) माथ्यावर, कॅव्हिटेशन प्लेटच्या (पंख्यावरची आडवी पट्टी) जरा वर बसलेला असतो. बोट उभी असते तेव्हा तो पाण्याखाली असतो. बोट वेग घेऊन पाण्यावर चढली की पाण्याची पातळी प्लेटपर्यंत उतरते आणि पंप उघडा पडतो. मग पाणी त्याला खालच्या जाळीतून वर ओढून घ्यावं लागतं. वेगामुळे जाळीत घुसणाऱ्या पाण्याची थोडी मदत होते, पण ट्रिम वर गेला की जाळी पृष्ठभागाजवळ येते, तिचा कोन बदलतो आणि फेसाळ पाणी आत यायला लागतं. पंपाखालचा एखादा सांधा हवा घेत असेल तर ते नेमकं याच वेळी उघड होतं. उभ्या बोटीत तोच सांधा हवेऐवजी पाणी ओढतो, आणि नळाचं पाणी तर दाबानेच आत येतं, म्हणून दोन्हीकडे दोष झाकला जातो.

आधी गेज खरं बोलतोय का ते बघा. बोट धक्क्याला घट्ट बांधा, इंजिन न्यूट्रलमध्ये १,५०० आरपीएमवर ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या पाण्याखाली राहतील इतपतच ट्रिम खाली-वर करा. उभ्या बोटीत प्रेशर हलायचं कारण नाही. काटा पडला आणि मागची पाण्याची धार तशीच जोरात राहिली, तर पंप निर्दोष आहे. मग गेजकडे जाणारी बारीक नळी इंजिन हलताना कुठे दुमडते का ते बघा. इलेक्ट्रिक सेन्सर असेल तर वायर कुठे ताणली जाते का ते बघा. ब्लॉकवर ही नळी जिथे जोडलेली असते तिथे मीठ आणि वाळू साचते, ती जागाही साफ करा.

गेज बरोबर निघाला तर पुढची चाचणी शांत खाडीत करा. दोघं जण जा, किल-स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली हवीच. बोट ३,५०० ला स्थिर करा, ट्रिम एकेक टप्पा वर घ्या, दर टप्प्यावर दहा सेकंद थांबा आणि आरपीएम व प्रेशर दोन्ही लिहा. मग हेच ४,५०० वर. दुसऱ्याने आकडे लिहावेत, मागे वाकून पंख्याकडे (प्रोपेलरकडे) बघायचं नाही.

आरपीएम एकदम उसळला आणि त्याच क्षणी प्रेशर पडलं, तर पंख्यानेही हवा घेतली. म्हणजे त्या बोटीला तेवढा ट्रिम जास्तच होतोय. पंखा पाणी नीट धरून आहे, आरपीएम शांत आहे आणि प्रेशर मात्र आधीच उतरायला लागलंय, तर दोष जाळी, पंप किंवा इंजिनाच्या उंचीत आहे. सरळ जाताना ठीक आणि एकाच बाजूच्या वळणात प्रेशर पडतंय, तर एका बाजूची जाळी बंद असण्याची शक्यता मोठी.

जाळी आधी काढा, कारण ते सगळ्यात सोपं. बाहेरून स्वच्छ दिसली तरी आतल्या बाजूला खाडीचा गाळ, शिंपल्यांचे तुकडे, प्लास्टिकची चिंधी अडकलेली असते. आधी वरूनच तारेने टोचू नका, कचरा आणखी आत जातो.

उंची मोजायला बोट ट्रेलरवर घ्या. तळाच्या मध्यरेषेवर सरळ पट्टी धरून ती मागे इंजिनापर्यंत न्या आणि ट्रिम असा ठेवा की प्लेट तळाला समांतर येईल. सुरुवातीला प्लेट तळाच्या बरोबरीला किंवा २५ मिमीपर्यंत खाली ठेवा. ती तळाच्या वर असेल तर इंजिन एक भोक खाली घ्या. ब्रॅकेटची भोकं साधारण १९ मिमी अंतरावर असतात. बोल्ट परत बसवताना मरीन सीलंट भरायला विसरू नका, नाहीतर इंजिन जिच्यावर बसतं ती मागची फळी आतून कुजते. इंजिनाच्या थेट समोर फिश-फाइंडरचा सेन्सर किंवा शिडीचा पाय असेल तर त्याच्या मागे हवेची रेघ उठते आणि ती सरळ जाळीत शिरते. तसं असेल तर तो बाजूला हलवा. सगळी माणसं आणि टाक्या मागे असतील तर त्याच बोटीचे आकडे वेगळे येतील, म्हणून चाचणीत वजन नेहमीसारखंच ठेवा.

एवढं करूनही फरक नसेल तर लोअर युनिट पुन्हा उतरवा. माझा सर्वात जास्त संशय इथेच आहे. इम्पेलर बदलला म्हणजे पंप दुरुस्त झाला असं नाही. इम्पेलर ज्यात फिरतो तो स्टीलचा कप आणि खालची प्लेट यांवर नख फिरवा. खाच लागली तर दोन्ही बदला. प्लेटखालची गॅस्केट जुनीच लावली असेल, किंवा हाऊसिंगचा ओ-रिंग पिळला असेल, तर हवा तिथूनच शिरते. हाऊसिंग बसवताना पात्यांना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत हाऊसिंग खाली दाबा. उलटा फिरवायचा नाही, पाती उलटी वळतात. शेवटी वरची पाण्याची नळी रबरी ग्रोमेटमध्ये सरळ उतरली का ते पाहा. ग्रोमेट दुमडलं की पाणी इंजिनात जाण्याआधीच त्याच्या खालच्या पायात सांडतं, मात्र तेव्हा प्रेशर ट्रिम खाली असतानाही कमी दिसतं. जुन्या इम्पेलरचं पातं तुटलेलं असेल तर त्याचे तुकडे सापडेपर्यंत शोध थांबवू नका. थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाणी सोडणारी झडप) घरात ते बहुधा अडकलेले असतात.

थर्मोस्टॅट आणि प्रेशर व्हॉल्व्हचा तुमच्या लक्षणाशी संबंध कमी आहे. त्यांचा दोष ट्रिमप्रमाणे बदलत नाही. आयडलवरही प्रेशर नेहमीपेक्षा कमी असेल तरच त्यांच्याकडे वळा.

कोकणात पावसाळ्यात बोट दोन-अडीच महिने वर ओढलेली असते आणि इम्पेलरची पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात. नवा इम्पेलर ऑगस्टमध्ये, हंगामाच्या तोंडावर टाकलेला बरा. मे महिन्यात टाकून बोट वर ओढली तर तो पावसाळाभर तसाच दाबलेला राहतो. समुद्रातून आल्यावर दर वेळी दहा मिनिटं गोड्या पाण्याने धुवा.

३,५०० आणि ४,५०० चे आकडे आणि प्लेटची उंची मिमीमध्ये कळवा, म्हणजे उंचीचा दोष आहे की सांध्याचा हे बरंच नक्की सांगता येईल.