विचारा बिनधास्त: लिस्बनला काय खायचं, काय बघायचं?

प्रश्न: आईबाबांना घेऊन लिस्बनला चाललोय. बाबांना इतिहासाचं वेड, आई मांसमच्छी खात नाही पण अंडं चालतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सरळ १५ नंबरची ट्राम पकडून लिस्बनच्याच बेलें भागात जा, फक्त सोमवार सोडून, त्या दिवशी तिथला जेरोनिमोस मठ बंद असतो. बाबांना तिथल्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर दाखवा आणि मग आईला घेऊन जवळच्या १८३७ पासूनच्या दुकानात शिरा, पास्तेल खायला, म्हणजे खुसखुशीत वाटीत पिवळ्या बलकाचं कस्टर्ड, वरून दालचिनी. मठात अंड्याचा पांढरा भाग कपडे कडक करायला वापरायचे म्हणे, मग उरलेल्या बलकाचं काय करणार, गोडच ना! १८३४ मध्ये मठ बंद झाले नि रेसिपी बाहेर आली. रांग बघून घाबरू नका, ती बरेचदा पार्सलची असते, आत बसायला भरपूर जागा आहे.

आणि हो, काल्दु वेर्द नावाचं हिरवं सूप दिसायला व्हेज, पण त्यात सॉसेजची चकती असते, आधीच विचारा. टेबलावर न मागता आलेले ब्रेड-ऑलिव्हही फुकट नसतात, खाल्लेत की बिलात लागतात, नको असतील तर बिनधास्त परत पाठवा.