रानगोकर्ण आणि पराणीचं टोक

फोंड्याहून एकांनी विचारलंय: कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, वईवर (कुंपणावर) गोकर्णासारखीच फिकट जांभळ्या फुलांची रानवेल चढली आहे, ती गोकर्णच का? नसल्यास तिला ‘फुलपाखरू वाटाणा’ म्हणावं का?

म्हणू नये. इंग्रजी पाटीवरून उचललेला हा शब्द रोपवाटिकांत ऐकून ऐकून कान किटले. आपल्या जेवणातल्या वाटाण्याचं फूलही फुलपाखरासारखंच दिसतं, मग त्याला काय म्हणणार?

वेली दोन आहेत, भाऊबंदकीतल्या. दोघींचं फूल उलटं, मोठी ध्वजपाकळी खाली. गोकर्णाच्या पानाला पाच-सात पर्णिका, रानवेलीला तीनच. ‘गोकर्ण’ म्हणजे गाईचा कान, हे शाळकरी पोरही सांगेल.

गोकर्णाचं शास्त्रीय नाव क्लिटोरिया टर्नेटिया, लिनियसनं १७५३ साली छापलेलं. पहिल्या शब्दाचा अर्थ ज्याला हवा त्यानं कोशात पाहावा. दुसऱ्याचा अर्थ काही पंडित ‘त्रिदल’ असा ठोकून देतात. अहो, वेलीची पानं तरी मोजा! शिवाय त्रिदलाला लॅटिनमध्ये ‘टर्नाटा’ होईल. हे नाव तेर्नाते बेटाचं, इंडोनेशियाच्या मोलुक्काज बेटांतल्या लवंगांच्या बेटाचं. गोंयचो सायब, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, १५४६ साली तिथे जाऊन आला, एवढं तरी गोव्यातल्या माणसाला सांगायला नको.

पण खरी गंमत रानवेलीत आहे. ती मूळची अमेरिकेची, नाव सेंट्रोसेमा. रबराच्या मळ्यांत जमीन झाकायला लावतात, मग ती वाट फुटेल तिकडे जाते. ‘सेमा’ म्हणजे निशाण, इथे ध्वजपाकळी. ‘सेंट्रो’ हा ग्रीक ‘केन्ट्रॉन’: टोचणारं टोक, बैलाला टोचायची पराणी. कंपासाचं रोवलेलं टोकही तेच, म्हणून वर्तुळाचा मध्य. हाच शब्द ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला आणि ‘केंद्र’ झाला. कुंडलीतली केंद्रस्थानं, केंद्र सरकार, आरोग्य केंद्र, सगळी त्या पराणीची लेकरं! ‘केंद्र’ शुद्ध वैदिक म्हणणाऱ्यांनी वेदांत तो शब्द काढून दाखवावा. मी वाट पाहतो. माझं तर म्हणणं, या वेलीला ‘केंद्रध्वजा’च म्हणावं. हसा खुशाल. ‘रानगोकर्ण’लाही माझी हरकत नाही.

हां, ओळखायची कशी ते राहिलंच. फूल हातात घेऊन ध्वजपाकळीची पाठ देठाजवळ बोटानं चाचपा. बारीक टोक लागलं तर रानवेल. न लागलं तर गोकर्ण.