मर्सिया की विलापिका?

प्रश्न असा आलाय: तुर्की कवितेवरच्या एका लेखात 'मेर्सिये' (गेलेल्या माणसासाठी लिहिलेलं शोककाव्य) हा शब्द भेटला, त्याला मराठीत 'विलापिका' म्हणावं का?

म्हणता येईल, पण मी 'मर्सिया'च ठेवीन. शब्द तोच. मूळ अरबी, आपल्याला उर्दूमुळे ओळखीचा. तुर्कांच्या तोंडी 'मेर्सिये' झाला इतकंच. फरक वापरात आहे. उर्दूत मर्सिया म्हटलं की आधी करबला, म्हणजे इमाम हुसेन जिथे मारले गेले ती लढाई, आठवते. ऑटोमन, म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्यातल्या, कवींनी करबलेवर मर्सिये लिहिलेच, पण सुलतान, शहजादे, मित्र, कुणासाठीही लिहिले.

1553 साली सुलतान सुलेमाननं पोटच्या मुलाला, मुस्तफाला, मारवलं. त्यावर ताशलिजाली याह्या या कवीनं लिहिलेला मर्सिया 'मेदेद मेदेद' अशा हाकेनं सुरू होतो. हे मेदेद म्हणजे आपली 'मदत'! 'धावा हो धावा, या जगाची एक बाजू ढासळली.' वजीर रुस्तेम पाशावर त्यात सरळ ठपका ठेवलाय. पुढे 1566 मध्ये खुद्द सुलेमान गेला, तेव्हाचा बाकी या कवीचा मर्सिया जास्त गाजलेला आहे. भारदस्त आहे खराच, पण मला याह्याचाच भिडतो.

'विलापिका' मी तुर्की कवी अब्दुलहक हामिदच्या 'मकबेर'साठी (1885) राखून ठेवीन. बायको बैरुतमध्ये वारली, त्या दुःखातून लिहिलेलं हे दीर्घकाव्य. मकबेर म्हणजे कबर. आपल्या 'मकबरा'चं सख्खं भावंड.

खेड्यापाड्यातल्या बायका मयतावर म्हणतात ते मात्र वेगळं. त्याला 'आअत' म्हणतात (लिहिताना मधे एक मुका ग असतो). आअत रचण्याला तुर्कीत जे क्रियापद लावतात, 'याकमाक', त्याचा रोजचा अर्थ पेटवणं, जाळणं. आपल्याकडे जवळचं काय? हेल काढून रडणं. तुर्की कादंबरीकार यशार केमालचं पहिलं पुस्तक, 1943 चं, अशाच गाण्यांचा संग्रह आहे.

याहून जुना शब्द 'सागू'. 11व्या शतकात महमूद काशगरीनं आपल्या तुर्की-अरबी कोशात अल्प एर तुंगा या वीरावरच्या शोकगीताची कडवी टिपून ठेवली:

अल्प एर तुंगा मेला का?
दुष्ट जग मागं उरलं का?
काळानं सूड उगवला का?
आता काळीज फाटतंय.

शेवटच्या ओळीत मूळातही 'युरेक', म्हणजे काळीज, फाटतंच. मी पदरचं काही घातलेलं नाही. फक्त 'सागू' तसाच ठेवलात तर तळटीप द्या, नाहीतर वाचकाला साबुदाणा आठवायचा.