स्वतःवर उधळलेले कोणते पैसे तुम्हाला वसूल झाल्यासारखे वाटतात? आणि अशा चैनीवर किती खर्च करायचा, हे कसं ठरवता?

मिरजेचा तंबोरा. चार तारांचा, तुणीच्या लाकडाचा आणि डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत कुठेही ठेवला तरी कुणाच्या ना कुणाच्या पायात येणारा.

किती खर्च करायचा, ते नंतर बघू. आधी तंबोऱ्याचं सांगते, कारण हा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं.

लग्नाआधी मी गांधर्व महाविद्यालयाची गाण्याची मध्यमा पूर्ण परीक्षा दिली होती. त्यापुढच्या विशारदचा फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. नोकरी, लोकल, मुलीची शाळा, सासूबाईंचं आजारपण, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मुलगी कमावती झाल्यावर पुन्हा एका बाईंकडे शिकायला जाऊ लागले. सुरुवातीला मोबाईलवरच्या तंबोऱ्याच्या अॅपवरच गायचे. त्याला नावं ठेवत नाही, क्लासला जाता-येता आणि परगावी तो फारच सोयीचा. पण बाईंकडे खरा तंबोरा होता. त्यांच्याकडे गायलेला षड्ज, म्हणजे सा, आणि घरी मोबाईलपुढे गायलेला षड्ज यांत इतका फरक पडायचा की घरी मला स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

मग ऑफिसातल्या भिशीत माझा नंबर लागला. त्याच सुमारास कोल्हापूरला एक लग्न होतं. यांना म्हटलं, महालक्ष्मी एक्सप्रेसने जाऊ, पण पहाटे मिरजेला उतरू, दुपारपर्यंत कोल्हापूर गाठू. यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी योग्य वेळी गप्प बसण्याचे जे मोजके प्रसंग आहेत, त्यातला हा एक.

मिरजेत दर्ग्याच्या आसपास, सतारमेकर गल्लीच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं. तलवारींना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली आणि मिरजेचं नाव झालं. किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब राहायचे ते इथेच, १९३७ साली गेल्यावर त्यांना दफन केलं तेही इथल्या दर्ग्यातच. दुकान म्हणजे जेमतेम खोली. तंबोऱ्याच्या बुडाला लागणारे भोपळे भिंतीला ओळीने टांगलेले, ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. जमिनीवर लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास, आणि मधोमध मांडी घालून बसलेले एक चाचा.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "पट्टी कुठली?"

पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीला आपण सा धरतो ती. माझी पूर्वी काळी चार होती. आता पांढरी पाच. ते सांगताना आवाज जरा खाली गेला असावा, कारण ते म्हणाले, "त्यात काय ताई, उतरते सगळ्यांची."

लाकूड, दांडी, कोरीवकाम यांत मला फारसं कळत नव्हतं. नक्षी कमीत कमी असू द्या एवढंच सांगितलं, कारण नक्षीचे पैसे डोळ्यांना जातात. खरी गंमत पुढे होती. पसंत केलेल्या तंबोऱ्याची जवारी चाचा माझ्यासमोर काढायला बसले. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि तिच्यातून वरचे स्वर मोकळे होतात. तो उतार म्हणजेच जवारी, ती हाताने, कानसेने काढावी लागते. चाचा तार ढिली करून बाजूला सारायचे, माथ्यावरून कानस फिरवायचे, फुंकर मारायचे, तार परत चढवून छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा ढिली. माप नाही, यंत्र नाही, नुसता कान. शेवटी तारेखाली सुती दोरा घातला आणि नखाने पुढे-मागे करू लागले. एका जागी आवाज बोदा, जरा पुढे गेलं की पत्र्यासारखा. मधे कुठेतरी, तांदळाच्या दाण्याइतकीही जागा नसेल, तिथे तार एकदम खुलली आणि खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या तारेतून स्पष्ट गंधार, म्हणजे ग, ऐकू आला. तिथे गंधाराची तार नाही हो. षड्जाच्या पोटातूनच तो निघतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. पुस्तकात मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. कानाने ऐकलं ते त्या दिवशी.

गवसणी, म्हणजे कापडी खोळ, धरून तीस हजारांच्या थोडं आत बसलं. परतीच्या गाडीत खालच्या बर्थवर तंबोरा झोपला, मी त्याच्या पायथ्याशी बसून आले.

आता मूळ दुखण्याकडे येते. त्या वर्षी गणपतीत सगळे आमच्याकडे जमले होते. आमच्या भाऊजींनी कोपऱ्यातली गवसणी पाहिली, किंमत विचारली आणि भर घरात म्हणाले, "वहिनी, फोनवर फुकट वाजतो की तंबोरा! आणि आता या वयात कुठे मैफल करणार तुम्ही?" सगळे हसले. जाऊबाई जरा जास्तच हसल्या. मी तेव्हा सारण परतत होते, गूळ करपला असता म्हणून काही बोलले नाही. आता गॅस बंद आहे.

पहिली गोष्ट, फोनवर तंबोरा वाजत नाही. फोनच्या स्पीकरचा जीव तो केवढा, त्यातून खर्ज बाहेर येतच नाही, नुसती वरची झणझण येते. ज्या तारेवर बाकीचा डोलारा उभा आहे तीच गायब. चांगल्या स्पीकरला जोडला तर ठीक, पण मग तो फुकट राहिला का?

दुसरी गोष्ट म्हणजे, फोनवर तंबोरा आयता लावलेला मिळतो. तोच तर तोटा आहे. सकाळी तंबोरा पुढ्यात घेऊन खुंट्या पिळायच्या, जोडाच्या, म्हणजे मधल्या सारख्या लावलेल्या दोन तारा एकमेकींत विरघळेपर्यंत तारांत ओवलेले मणी केसभर खाली-वर सरकवायचे, मग पंचमाची, म्हणजे प ची तार, मग खर्ज. कधी पाच मिनिटांत लागतो, कधी अर्धा तास रुसून बसतो. पहिल्यांदा रडकुंडीला आले होते. पण दोन तारा जुळल्यात की जरा सुटल्यात हे ओळखायला कान तयार झाला तो या खटाटोपानेच, आणि असा कान तयार झाला की गळा आपोआप मागे येतो. मारवा राग गायचा तर पंचम चालत नाही, ती तार चढवून निषादावर न्यावी लागते. मालकंसाला उतरवून मध्यमावर. अॅपवर ते एका टिचकीत होतं. इथे तुम्ही खुंटी फिरवता आणि स्वर सरकत सरकत खोलीचा रंग बदलतो. राग गायच्या आधीच त्यात बसायला होतं.

तिसरी गोष्ट, मैफलीची. भाऊजींनी मागच्या वर्षी सनरूफवाली गाडी घेतली. डोंबिवली ते ठाणे, ट्रॅफिकमध्ये, सनरूफ बंद करून. त्यांना कोणी विचारलं का, की भाऊजी, आता रॅलीत उतरणार का? पुरुषाने कॅमेरा घेतला, बुलेट घेतली, दुर्बीण घेतली तर तो छंद. बाईने स्वतःसाठी काही घेतलं की लगेच विचारणा, याचं पुढे काय करणार? क्लास काढणार का, कार्यक्रम करणार का, म्हणजे पैसे परत कसे येणार? काही करणार नाही. सकाळी गाणार आणि भाजी चिरायला जाणार.

हल्ली अजून एक टूम निघाली आहे, वस्तूंवर खर्च करू नका, अनुभवांवर करा. मला हे अजिबात पटत नाही. दहा दिवसांत पाच देश, बसमधून उतर, फोटो काढ, बसमध्ये चढ, याला अनुभव म्हणायचं आणि रोज हाताळायच्या वाद्याला वस्तू? जाऊबाईंना युरोपातलं एक गाव दुसऱ्यापासून वेगळं सांगता येत नाही, मी विचारून पाहिलंय.

२०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर कोणी टाकली असेल? भाऊजींनी. वर 'आपल्या मातीचा अभिमान' आणि तीन झेंडे. मी अंगठा दाखवला आणि सोडून दिलं.

बरं, तुमचा दुसरा प्रश्न. पगाराच्या किती टक्के वगैरे हिशेब मला येत नाही. भिशीचे पैसे होते, घरखर्चाला किंवा औषधपाण्याला हात लागला नाही, हप्ता डोक्यावर घेतला नाही, एवढंच पाहिलं. चैनीसाठी कर्ज काढू नये असं माझं मत आहे, त्यावर वाद घालायचा तर घाला. आणि आधी निदान वर्षभर ती गोष्ट मनातून जाते का बघा. माझी गेली नाही.

हे वाचून कोणी लगेच मिरजेचं तिकीट काढणार असेल तर जरा थांबा. नुकतंच सा रे ग म शिकायला लागला असाल तर तंबोरा घेऊ नका, तो लावता येत नाही आणि बेसूर तंबोऱ्यावर गाणं म्हणजे कान बिघडवणं. तेव्हा अॅपच बरं, भाऊजींचं तेवढं बरोबर आहे. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या एक तर अडकतात नाहीतर सुटतात, मग खडू घासत बसा. तारा गंजतात. भोपळ्याला एक धक्का पुरतो, घरात लहान मूल असेल तर विचारच करू नका. काही वर्षांनी तारेने घोडीवर चरे पडतात आणि जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते, तो खर्च आणि ती ने-आण वेगळी.

जायचंच ठरलं तर पट्टी पक्की करून जा, शक्य असेल तर तुमच्या गुरूंना किंवा गाणाऱ्या कुणाला बरोबर न्या आणि जवारी समोर बसून काढून घ्या. गवसणी आणि बांधणी किमतीत धरली आहे का ते आधीच विचारा.

घरच्यांना किंमत सांगायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. भाऊजींना मी निम्मीच सांगितली होती, त्यावर एवढं रामायण झालं.