नानाभाई मूस यांनी नेमका कसला शोध लावला?

तुम्ही विचारलंय की मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचं नाव येतं, पण त्यांच्या नावावर एकही शोध सापडत नाही, मग एवढं कौतुक कशाचं? हाच प्रश्न, याच सुरात, माझ्या थोरल्या काकांनी आमच्या ओटीवर बसून वडिलांना विचारला होता. वडील गप्प बसले. मला ते अजून विसरता आलेलं नाही, म्हणून लिहितोय.

वडील अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत होते. शास्त्रज्ञ नव्हेत. निरीक्षणं घ्यायची, यंत्रातला कागद बदलायचा, वहीत आकडे उतरवायचे, हे त्यांचं काम. गावातले लोक त्यांना रस्त्यात थांबवून उद्या पाऊस आहे का विचारायचे. त्या जागेचा पावसाशी काही संबंध नाही. पृथ्वीचं चुंबकत्व तासातासाला किती हलतं ते तिथे मोजतात. अलिबागला चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक 38 हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घरात असतो आणि दिवसभरात तो हलतो पन्नासेक. हजारात एखाद-दुसरा भाग. तो पकडायचा तर आसपास लोखंड नको.

त्यामुळे वडील कामाला निघाले की कमरेला पट्टा नसायचा. घड्याळ, किल्ल्या, चिल्लर सगळं एका कापडी पिशवीत घालून लांब खुंटीला. ऐन आषाढात छत्रीसुद्धा ऑफिसात ठेवून भिजत पुढच्या इमारतीत जायचे, कारण छत्रीच्या काड्या लोखंडी. आई रोज ओरडायची.

मी सातवीत असतानाची गोष्ट. घरी गणपती होते, काका मुंबईहून सहकुटुंब आले होते. संध्याकाळची आरती वडिलांसाठी खोळंबली. साडेसात झाले, आठ झाले, मुलं भुकेने रडायला लागली. वडील आले ते साडेआठला. झालं होतं असं की सकाळी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं, आणि घाईत आईने आतून सेफ्टी पिन लावून दिली होती. आठवड्याची हाताने घ्यायची मोजमापं पूर्ण झाली, वही मिटली, आणि घाम पुसताना छातीशी पिन बोटाला लागली. तेवढी पिन लांब ठेवून त्यांनी सगळी मोजमापं पहिल्यापासून पुन्हा घेतली. आधीच्या आकड्यांवर काट मारून शेजारी कारण लिहिलं. हे कुणालाही कळलं नसतं, विचारायलाही कुणी आलं नसतं.

काका भडकले. एका पिनेसाठी सणाच्या दिवशी घरच्या लोकांना ताटकळत ठेवायचं? वडील एवढंच म्हणाले, "मूससाहेबांपासून तिथे असंच आहे." त्यावर काका म्हणाले, "तुझ्या त्या मूसने तरी कसला शोध लावला?"

मूस 1859 च्या ऑक्टोबरात जन्मले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून इंजिनिअर झाले, एडिंबराला शिकले, एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं आणि 1896 साली कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये काढली, चुंबकीय नोंदी 1841 पासून. म्हणजे मूस यांच्या हाती आली तेव्हा ती साखळी अर्ध्या शतकाहून जुनी होती. आणि लगेच काही वर्षांत ती तुटायची वेळ आली. मुंबईत 1874 पासून घोड्यांची ट्राम होती, ती आता विजेवर चालवायचं ठरलं. ट्रामचा वीजप्रवाह रुळांतून परत जातो, त्यातला थोडा जमिनीत झिरपतो आणि त्या प्रवाहाचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. कुलाब्याची यंत्रं मग पृथ्वीऐवजी ट्रामच मोजत बसली असती.

दुसरा एखादा अधिकारी असता तर निषेधाचं पत्र लिहून मोकळा झाला असता. मूस यांनी अलिबाग शोधलं. मुंबईपासून तीसेक किलोमीटर, हवामान आणि खडक सारखाच, आणि कारखाने येण्याची धास्ती नाही. यंत्रांच्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, तोही चुंबकत्व नाही ना हे तपासून. लोखंडाचा खिळा नाही, जे काही जोडकाम ते तांब्या-पितळेचं, लाकूड सागवानी. खोलीच्या आत खोली, म्हणजे बाहेरचं ऊन आतल्या यंत्राला लागू नये.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे, पण तीच कुणी सांगत नाही. अलिबाग 1904 मध्ये सुरू झालं म्हणून त्यांनी कुलाबा बंद केलं नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन वर्षं दुप्पट काम. कशासाठी, तर दोन जागांमधला फरक नेमका किती हे कळावं आणि जुने आकडे नव्या आकड्यांना बिनचूक जोडता यावेत. विजेची ट्राम 1907 मध्ये धावली, तोवर सांधा पक्का झाला होता. मग 1846 ते 1905 ही साठ वर्षांची मोजमापं नीट लावून, त्यांची चिकित्सा करून त्यांनी 1910 मध्ये दोन खंडांत छापली.

तुम्हाला शोधच हवा असेल तर हे घ्या. 1859 च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. तेव्हा कुलाब्याला फोटोची सोय नव्हती, माणसं दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे डोळ्यांनी वाचून लिहीत होती. 2003 साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ त्सुरुतानी, आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले लखिना आणि त्यांचे सहकारी यांनी कुलाब्याच्या याच नोंदी काढल्या आणि दाखवून दिलं की क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळलं होतं. रोजची हालचाल पन्नासेक, आणि हे सोळाशे. असं वादळ आज आलं तर उपग्रहांचं आणि विजेच्या जाळ्याचं काय होईल याचा अंदाज बांधताना जगभर हा मुंबईचा आकडा पुढे येतो. 144 वर्षांनी! तो लिहिणाऱ्याचं नाव आपल्या कुणाच्या तोंडी आहे?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या प्रश्नातच खोट आहे. शोध लावणारा एकटा मोठा आणि नोंद ठेवणारा कारकून, हे शाळेतल्या पुस्तकांनी आपल्या डोक्यात भरवलंय. नोंद एकदा चुकली की चुकली. 1859 चा तो दिवस कुणाला पुन्हा मोजता येणार आहे?

एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. 1859 ची नोंद मूस यांची नाही, तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. त्यांच्या आधी चार्ल्स चेंबर्स आणि इतरांनी ती वेधशाळा चालवली, त्यांचं श्रेय त्यांना. शिवाय मूस यांनी फक्त चुंबकत्वच पाहिलं असंही नाही, मिल्नचं भूकंपमापक यंत्र कुलाब्याला बसलं ते त्यांच्याच कारकिर्दीत. 1919 ला ते निवृत्त झाले. आणि ट्राम येऊच दिली नाही, असं गावात कुणी सांगितलं तर मानू नका. ट्राम आली, वेधशाळा हलली.

मागच्या दिवाळीत काकांना मी हे सगळं सांगितलं. ते आता थकलेत, ऐकायला कमी येतं, त्यामुळे जवळ बसून मोठ्याने सांगावं लागलं. ऐकून म्हणाले, "पण शोध तर त्या 2003 वाल्यांनीच लावला ना?" मी म्हटलं, काका, त्यांच्या हातात वही नसती तर त्यांनी काय वाचलं असतं? ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की त्या दिवशी आरती शेवटी किती वाजता झाली होती.

नऊ वाजता झाली. आरतीनंतर आईने सदऱ्याला बटण लावलं, आणि वडील निवृत्त होईपर्यंत त्यांच्या कपड्यांना पुन्हा कधी पिन लागली नाही.