स्टेनलेसलाही गंज का चढतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचे टर्निंगचे, म्हणजे लेथवर धातू कापण्याचे, लहानसे वर्कशॉप आहे. ३०३ स्टेनलेसचे बुश (शाफ्टभोवती बसणाऱ्या नळ्या) करून ठेवले होते. पावसाळ्यात त्यांच्यावर तपकिरी ठिपके दिसू लागले. माल भेसळीचा असेल का?

उत्तर : माल पुरवणाऱ्याशी भांडण्यापूर्वी दोन शक्यता तपासाव्यात. ३०३ हा प्रकार मुळात टर्नरच्या सोयीसाठी घडवलेला आहे. त्यात किमान ०.१५ टक्के गंधक असते, त्यामुळे चिप (कापताना निघणारा कीस) सहज तुटते. पण त्याच गंधकापासून बनलेले मँगनीज सल्फाइडचे कण कापलेल्या पृष्ठभागावर उघडे पडतात आणि गंजाला शिरायला वाट मिळते ती तिथूनच. दुसरी शक्यता तुमच्या लेथवरची आहे. ज्या इन्सर्टने (कापणाऱ्या पात्याने) सकाळी एमएस (साधे पोलाद) कापले त्यानेच दुपारी स्टेनलेस कापले, तर लोखंडाचे सूक्ष्म कण जॉबला (कापल्या जाणाऱ्या भागाला) चिकटून राहतात आणि दमट हवेत आधी गंजतात ते हे कण. आपल्याकडचे गुजराती कारागीर ज्याला ‘काट’ म्हणतात, तो पुष्कळदा बुशचा नसतोच, या पाहुण्या लोखंडाचा असतो. एका नमुन्यावर कॉपर सल्फेटचे आम्लयुक्त द्रावण सहा मिनिटे ओले ठेवून पाहा. तांबूस थर बसला, तर पृष्ठभागावर मोकळे लोखंड आहे हे नक्की.

त्यावर उपाय पॅसिव्हेशनचा, म्हणजे नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाच्या बाथचा. हे प्लेटिंग, म्हणजे धातूचा थर चढवणे, नव्हे. वर काही चढत नाही आणि मापही बदलत नाही. फक्त मोकळे लोखंड निघून जाते आणि क्रोमियम ऑक्साइडचा स्वाभाविक थर नीट बसतो. मात्र माल ३०३ आहे हे बाथवाल्याला आवर्जून सांगावे, कारण ३०४ या कमी गंधकाच्या स्टेनलेससाठीचा साधा नायट्रिक बाथ त्याला काळवंडवू शकतो. पुढच्या वेळी ग्राहकाला ३०४ चाही भाव द्यावा. कापायला वेळ अधिक लागेल, इन्सर्टही अधिक झिजतील, आणि तो खर्च भावात स्पष्ट दाखवलेला बरा.

प्रश्न : २० मिमी व्यासाच्या, लहान अक्षरातल्या एच ६ (h6) टॉलरन्सच्या, म्हणजे मापात ठरावीक मुभा असलेल्या, शाफ्टवर ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिंक प्लेटिंग करून घेतले. आता तो बेअरिंगमध्ये बसत नाही. प्लेटिंग जाड झाले का?

उत्तर : प्लेटिंग बरोबर झाले असेल, तरीही तो बसणार नाही. थर दोन्ही बाजूंनी चढतो, म्हणून व्यास १६ मायक्रॉनने वाढतो; आणि २० मिमीला या वर्गाची संपूर्ण मुभा शून्य ते उणे १३ मायक्रॉन एवढीच आहे. म्हणजे अगदी खालच्या मर्यादेवर ग्राइंड केलेला शाफ्टसुद्धा ३ मायक्रॉनने वर गेला असता. दिलेले माप प्लेटिंगआधीचे की नंतरचे, हे ड्रॉइंगवर लिहिलेले नसते तेव्हा असेच होते, आणि माझ्या मते हा दोष ड्रॉइंग करणाऱ्याचा. बेअरिंगची जागा मास्क करावी (थर बसू नये म्हणून झाकावी), नाहीतर ग्राइंड करताना तिचा व्यास आधीच तेवढा लहान ठेवावा. आट्यांवर तर परिणाम थराच्या चौपट होतो : ६० अंशांच्या आट्यांवर ८ मायक्रॉनचा थर पिच व्यासात (आट्यांच्या साधारण मध्यावर मोजलेल्या व्यासात) ३२ मायक्रॉन भर घालतो.

शिवाय विजेने बसवलेला झिंकचा थर कडांवर जाड आणि खोबणीत पातळ पडतो. मापाचे काम असेल तर इलेक्ट्रोलेस निकेलचा विचार करावा, कारण तो रासायनिक क्रियेने सगळीकडे जवळपास सारखा बसतो. फॉस्फरस दहा टक्क्यांच्या वर असलेला थर गंजाला अधिक चांगले तोंड देतो. ४०० अंश सेल्सिअसला तासभर तापवून तो कठीण करता येतो, पण तसे केल्यास गंजरोधकता थोडी घटते, म्हणून दोन्हींपैकी काय महत्त्वाचे ते आधी ठरवावे. आणि शाफ्ट हार्डन केलेला असेल, तर झिंक प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत साधारण १९० ते २२० अंशांवर कित्येक तास बेकिंग करून घ्यावे. नाहीतर आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे तो भार पडल्यावर अचानक तुटू शकतो.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या हार्ड ॲनोडायझिंगलाही (विजेने पृष्ठभागावरच ऑक्साइडचा कठीण थर वाढवण्याला) हाच हिशेब लावायचा का?

उत्तर : नाही. तिथे थर साधारण निम्मा आत आणि निम्मा बाहेर वाढतो. ५० मायक्रॉनच्या थराने पृष्ठभाग सुमारे २५ मायक्रॉन उचलला जातो.

प्रश्न : गुजरातमधल्या दहेजच्या एका रासायनिक प्रकल्पासाठी पंपाचे भाग करायचे आहेत. ३१६ वापरले की निश्चिंत राहता येईल ना?

उत्तर : कोणत्या द्रवासाठी, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे क्लोराइडच्या माऱ्यात ते ३०४ पेक्षा सरस ठरते. पण कोमट, साचलेल्या खाऱ्या पाण्यात, विशेषतः गॅस्केटखालच्या फटीत, त्यालाही खड्डे पडतात. तिथे २२ टक्के क्रोमियमचे डुप्लेक्स (दुहेरी रचनेचे स्टेनलेस) २२०५ विचारात घ्यावे. हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर या तिन्हींवर भिस्त ठेवू नये. प्रकल्पाकडून क्लोराइडचे प्रमाण, तापमान आणि पंप किती दिवस बंद राहतो, या तीन गोष्टी लेखी मागवाव्यात.

प्रश्न : ग्राहक ९६ तासांची सॉल्ट स्प्रे चाचणी मागतो. म्हणजे भाग किती वर्षे टिकेल?

उत्तर : असे रूपांतर करता येत नाही. ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात तुलना होते ती एका थराची दुसऱ्या थराशी, आयुष्याची नव्हे. झिंकच्या बाबतीत ९६ तास पांढऱ्या गंजापर्यंतचे की तांबड्या गंजापर्यंतचे, हे मात्र ऑर्डरवर लिहून घ्यावे. पांढरा गंज म्हणजे झिंक झिजू लागले, तांबडा म्हणजे खालचे पोलाद उघडे पडले.